तर्रीचं घर

बत्तीस वर्षं मी कूलर बांधले.
गोळीबार चौकातल्या या अरुंद दुकानात
पत्रा वाकवला, पंप बसवले, ताट्या भरल्या,
अर्ध्या पाचपावलीला मे महिन्याची झोप विकली.
ऊब कोणी मागितली नाही कधी.
नागपुरात ऊब विकत घेतो कोण?

मग श्रुतिका पुण्याला नोकरीला लागली.
घरमालकीण म्हणाली, मांजरसुद्धा चालणार नाही.
डिसेंबरातल्या एका रविवारी पोट्टी
नोंदणीचा सरकारी कागद, उशीची खोळ
आणि खोळीत तर्री
माझ्या पान्यांशेजारी ठेवून गेली.
विष नाही, बाबा. चावलीच तर टाचणीएवढं.
शिवाय चार पानी सूचना, स्वतःच्या अक्षरात.

रंग तोच, पोह्यांवर ओततात तो,
तांबडा, तेल सुटलेला.
पोटाखाली मात्र काळेपांढरे चौकोन.
माझा कोष्टी बाप असता तर बोट फिरवून म्हणाला असता,
चौकडा आहे. वीण पक्की.

चार फुटांची पेटी केली, समोर सरकती काच.
काचेला कुलूप; पान दोनवर अधोरेखित होतं:
जिथून डोकं जातं तिथून सगळी जाते.
एक टोक एकतीस अंश, दुसरं चोवीस.
मी फोन केला, अन् मध्ये किती ठेवायचं?
म्हणाली, मधलं तिला ठरवू द्या.

एका टोकाखाली गरम होणारी चटई,
तिच्यावर नजर ठेवायला थर्मोस्टॅट.
खाली पसरायला ताटीचं कोरं वुडवूल काढलं,
तर नको म्हणाली, बोचेल, धूळ उडेल.
नारळाचा भुसा आणला इतवारीतून, चार बोटं जाड.
पाण्याचं भांडं असं की मन झालं तर आख्खी बसेल.
लपायला दोन जागा: उबेत फुटक्या माठाचं खापर,
गारव्यात कौलाचा तुकडा.
मी ऐसपैस ठेवल्या होत्या. ते चुकलं.
लपण अंगाला लागलं पाहिजे,
तीन बाजूंनी टेकायला मिळालं की साप निवांत होतो.
हे वाचून थोडा वेळ मी काहीच केलं नाही.

चढायला हातमागाचा एक दांडा होता माळ्यावर,
बापाच्या तळहातांनी गुळगुळीत झालेला.
उकळत्या पाण्यानं धुतला, उन्हात ठेवला, आडवा ठोकला.

कुंदा पेटीकडे बघायची नाही.
फ्रीजरमधी उंदीर, अन् खाली माह्या वाटाण्याचं पाकीट!
मग तिनंच स्टीलचा डबा दिला, झाकणावर लिहिलं,
पाहुण्यांनी उघडू नये.

पाच दिवस तर्री दिसलीच नाही.
भुशाखाली कुठेतरी, खाल्लंही नाही.
सहाव्या रात्री पारा आठवर.
स्वेटर घालून उठलो, टॉर्च भिंतीकडे धरला:
दांड्यावर चढली होती.
वरून, खालून, पुन्हा वरून,
इतकी सावकाश की धोटा आठवला,
बापाचा, शेवटच्या वर्षांतला,
गिऱ्हाईक नसताना चालायचा तो.

आता मे आहे. शेहेचाळीस.
थर्मोस्टॅटचा लाल दिवा कित्येक दिवस लागलेला नाही.
आख्खं शहरच एकतीसच्या पलीकडच्या टोकाला,
आणि मी चोवीस शोधतोय.
पेटी खाली आणली, फरशीवर, आतल्या खोलीत.
कूलर लावला, पण झोत भिंतीवर;
थेट वारा तिला सोसत नाही.
दुपारी लाईट गेली
तेव्हा गोणपाट भिजवून काचेवर टाकलं,
वारा जायला एक फट ठेवून.

श्रुतिकाचा फोन. काय करतेय?
पाण्यात बसलीय, म्हटलं. फक्त नाक वर.
आणि तुम्ही?
मी फरशीवर पाठ टेकली होती,
एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पेटी,
पायाशी कुंदा, ओल्या पदरानं वारा घालत.
नेमका कोणाला, ते विचारलं नाही.