काळजी: अत्यल्प

कुसामोच्या वर, रस्ता संपतो तिथे,
स्प्रूसच्या बुडाशी बर्फ अजून पडून आहे,
मळक्या लोकरीसारखा.
ओइवा तोल्वानेन पुढे, मी मागे.
त्याच्या हातात मोडक्या छत्रीची काडी,
तिच्या टोकाने तो शेवाळ चाचपतो.
"बघून पाऊल टाक," म्हणतो,
"ती वीतभरही नसते."

इकडे तिला मुलीचा जोडा म्हणतात.
गुलाबी. आत पिवळे केस, तळाशी ठिपके.
वास मधाचा, मध नाही.
भुंगी एकदा फसते,
दुसऱ्यांदा फसते,
तिसऱ्यांदा शहाणी होऊन निघून जाते.
तेवढ्या दोन चुकांवर
हिचं घराणं चालत आलंय.

माझ्याजवळ तक्ता आहे. त्यात जग मावतं:
अलास्का, लॅब्राडोर, स्वीडन, सायबेरिया,
पार जपानपर्यंत.
एवढ्या ठिकाणी ती आहे, म्हणून सगळ्यात वर
छापूनच आलंय –
काळजी: अत्यल्प.

मी वाचून दाखवलं.
ओइवा थांबला. बाहीला नाक पुसलं.
"वाटायची अत्यल्प, की घ्यायची?"
त्याच्या भाषेतही शब्द एकच आहे.
मी तक्त्याची घडी घातली,
परत उघडली.

एकोणीस वर्षं तो हार्वेस्टर चालवायचा.
केबिनमध्ये हीटर, रेडिओवर हॉकी,
एका झाडाला चाळीस सेकंद.
एवढ्या उंचावरून जमीन म्हणजे नुसता रंग.
एकदा जूनच्या सुरुवातीला
लघवीला म्हणून खाली उतरला,
तर बुटाशेजारी जोडा.
मग दुसरा.
सतरा मोजले, म्हणतो.
इंजिन चालूच होतं.
पुढचं तो सांगत नाही.
त्या उतारावर आता बर्च आहेत,
सरळ, सगळे एका वयाचे,
शाळेच्या रांगेसारखे.

अलीकडच्या बाजूला, पडलेल्या खोडापाशी,
तो गुडघ्यांवर बसतो. मीही बसते.
गेल्या वर्षी अकरा होती.
आज फुलं चार.
आणि सहा नुसती पानं, फुलाशिवाय,
प्रत्येकीचं एकेक.
बाकीचं रान आवरायला घेतं
तेव्हा हे पान उगवतं,
सगळा हिवाळा बर्फाखाली हिरवं राहतं,
आणि ऊन आलं की जातं.
उलट्या पाळीचा कामगार, ओइवा म्हणतो,
माझ्यासारखा.

"पानंही लिही."
"पानांना रकाना नाही."
"समासात लिही."
मी समासात लिहिलं.
पेन्सिलीचं टोक ओलाव्याने कागदात रुतलं,
सहाच्या पोटाला भोक पडलं.

येताना वाटेवर खोडांना
नारिंगी फिती बांधलेल्या होत्या. पुढच्या तोडीच्या.
मी मोजत नव्हते. तो मोजत असावा,
कारण वळणावर तो मागे राहिला,
बराच वेळ.
मी शिट्टी घातली नाही.

गाडीत बसताना
त्याच्या कोटाचा खिसा फुगलेला,
आणि बाहेर लोंबतंय
बोटभर नारिंगी टोक.
"आत घाल ते," मी म्हटलं,
आणि खिडकीतून
बर्चकडे बघत बसले.