कोमट

औलूमध्ये
प्रयोगशाळा आणि पंपांचा कारखाना
यांच्यामध्ये एक गोठलेला ओढा होता,
बस्स.

वेइक्को फाटलेला वॉशर
हातमोज्यात घालून निघायचा.
तुइयाच्या टेबलावर ठेवायचा
तेव्हा तो कोमट असायचा.
"हात लाव."
एवढाच त्याचा अहवाल.

पुढे दोघं एकाच टेबलावर सूप पिऊ लागले,
एकमेकांची वाक्यं पुरी करू लागले,
आणि अख्खं एक वर्ष
एकच चूक दोघांनी मिळून जपली.
ती सापडली हिल्काला,
नवीन आलेली,
कुणाच्याच टेबलावर न जेवणारी.

आता कारखाना हायवेपलीकडे गेलाय.
वॉशर कुरियरने येतो,
पाकिटात, क्रमांकासकट,
थंडगार.

तुइया पाकीट फोडते.
सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी
थोडा वेळ
मुठीत धरून बसते.