चार्ज देताना

ही किल्ली कपाट क्रमांक तीनची.
उजवीकडे फिरवायची, मग दार थोडं वर उचलायचं.
उन्हाळ्यात ते फुगतं, मॅडम,
एकतीस वर्षं झाली बसवून, अजून त्याला नागपूर सोसत नाही.

इथरची बाटली यादीत आहे, कपाटात नाही.
ती खाली, माठात,
ओल्या रेतीत गळ्यापर्यंत पुरलेली, वरून गोणपाट.
पुस्तकात लिहिलंय, खोलीच्या तापमानाला द्रव.
कोणाच्या खोलीच्या, ते पुस्तक सांगत नाही.
मे महिन्यात ह्या खोलीत पारा त्रेचाळीसवर मांडी घालून बसतो
आणि इथर पस्तिशीच्या आतच उकळतो.
म्हणून त्याचं प्रॅक्टिकल सकाळी साडेसहाला.
वर कधी कळवलं नाही.
ऊन कोणत्या रकान्यात लिहायचं?

त्याच कपाटात अ‍ॅसेटिक आम्ल.
डिसेंबरात एखाद्या सकाळी ते दगड होऊन बसतं.
पोरं बाटली उलटी करून ओरडतात,
सर, मेलं हे!
मेलं नाही बे, झोपलं.
पूर्वेच्या खिडकीत ठेवा, साडेदहाला उठते.

नळ दोन आहेत.
डावा कन्हानचा, येईल तेव्हा.
उजवा बोअरचा, त्याला साबणाशी जन्माचं वैर.
त्या पाण्यानं ब्युरेट धुऊ नका,
पण फेकूही नका त्याला.
कूलरच्या ताटीवर वाळ्याला जे पांढरं खरूज चढतं ना,
ते चमच्याने खरवडायचं, वर पातळ आम्लाचे चार थेंब.
फसफसलं की पोरं पुढे सरकतात.
कार्बोनेटसाठी संगमरवर
मी एकदाही मागवला नाही.

संत्र्याच्या सालीचं विचारू नका,
पाहुणे आले की तोच प्रयोग मागतात.

ही काळी भुकटी, झाकण घट्ट लावा.
मँगनीज डायऑक्साइड, अर्धा किलो, यादीत बरोबर.
मनसरची एक पोरगी होती, निर्मला उईके.
बरणी उजेडात धरून म्हणाली,
सर, हे तर माझ्या आईच्या नखात असते.
मी पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर टाकलं,
विझत आलेली उदबत्ती नळीच्या तोंडाशी नेली,
ती भपकन पेटली, सगळा वर्ग हसला.
मग मी नेहमीचं वाक्य म्हटलं:
उत्प्रेरक कामाला लावतो, स्वतः झिजत नाही,
शेवटी जितका होता तितकाच उरतो.
निर्मला बाकावरून न उठता बोलली,
आईचं तसं नाही होत, सर.
तिचा हात कापते आता. चहा सांडते.

मी परीक्षानळ्या मोजायला घेतल्या.
मोजलेल्याच होत्या.

तुम्ही अलिबागच्या ना?
तिकडे पाणी शंभराला उकळत असेल.
इथे समुद्र कुठून आणायचा?
तीनशे मीटर वर बसलोय आपण, हवाही उन्हाने हलकी झालेली,
नव्याण्णवाच्या अलीकडेच बुडबुडे येतात.
हेमराज नंदनवार, गोळीबार चौकातला, घरी रंगाची भट्टी,
सूत केव्हा टाकायचं ते वाफेवरून ओळखायचा.
त्यानं वहीत लिहिलं, ९८.८.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लाल पेनानं शंभर केलं
आणि एक गुण कापला.
मी म्हटलं, साहेब, थर्मामीटर बघा.
ते म्हणाले, थर्मामीटर बदला.

तो बदलला नाही.
दुसऱ्या खणात आहे, कापसात, टोकाला थोडा डाग.
हेमराजची वहीही तिथेच,
ती यादीत नाही.

रेतीला संध्याकाळी पाणी घालायला विसरू नका,
रविवारीसुद्धा.
आता इथे सही करा.
नाही, त्या शाईने नको, ती वाळली ह्या हवेत.
हा पेन घ्या.