चार नंबरवर

पहाटे सव्वापाचला ओझरहून निघते मी.
मागच्या सीटवर द्राक्षांच्या नमुन्यांचे डबे,
निफाडकडे पारा सहावर,
आणि समोरची काच आतून ताकासारखी.
एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात ओढणीचा बोळा.
नाशकात हीटर लागतो कुणाला, म्हणतो नवरा.
म्हणतो तेव्हा तो रजईत असतो.

द्वारकेला, पुलाच्या सावलीत,
शकूर मिस्त्रींनी चहा खाली ठेवला.
"लावा एकवर."
काही नाही.
"दोन."
काही नाही.
"तीन." टपरीवर कपबशी वाजली, तेवढीच.
"चार."
आणि डॅशबोर्डातून वावटळ सुटली,
डिझेलच्या पावत्या, कुंकवाची पुडी, सगळं माझ्या मांडीवर.

"फ्यूज ठीक. मोटर ठीक," मिस्त्री म्हणाले.
"त्याला हळू बोलता येत नाही, एवढंच."

मग ते खणाखाली उताणे शिरले,
पाय रस्त्यावर, दातांत बॅटरी,
त्यामुळे पुढचं सगळं बोबडं ऐकू आलं.
काडेपेटीएवढं काहीतरी बाहेर आलं,
तीन वेटोळी, त्यातलं एक तुटून काळं.
"रेझिस्टर. जोर अडवून धरायचं काम याचं.
एक, दोन, तीन याच्यातून जातात.
चारला हा मधे येतच नाही, थेट करंट."

"जळला कशानं?"

"हा पंख्याच्याच वाऱ्यात बसतो, गार राहायला.
वाराच अडला, तर किती सोसेल?"
आणि त्यांनी आत कोपरापर्यंत हात घातला.
द्राक्षाची वाळकी पानं निघाली,
सुतळी, उंदराचं अंथरूण,
माझ्याच एका डब्यावरचं लेबल, मागच्या जानेवारीचं.
"नुसता बदलून दिला असता, तर महिन्यात परत आला असतात."

प्रभाकरशी मी बावीस महिने बोलले नव्हते.
बांधावरच्या त्या चार ओळी द्राक्षांवरून.
परवा बोलले,
तेव्हा शेजारच्या बागेतले मजूर
छाटणी थांबवून बघत राहिले.

"साडेतीनशे," मिस्त्री म्हणाले, "सफाईचे वेगळे."
जळका तुकडा त्यांनी बिस्किटाच्या डब्यात टाकला.
आत तसे पुष्कळ होते.

आडगाव नाक्यावर सिग्नलला थांबले
आणि बटण एकवर ठेवलं.
इतकं हळू,
की चालू आहे का बघायला
जाळीसमोर तळहात धरावा लागला.