प्रत्येकी तीन मिनिटं

रबाळ्याच्या आमच्या कंपनीत
मार्चच्या पहिल्या आठवड्यात
मला काम मिळालं गोष्टी गोळा करायचं.
देवस्थळी सर म्हणाले : सहा बायका, प्रत्येकी तीन मिनिटं,
शेवट उमेद देणारा.
आणि फोटो. हसरा.

यमुना भोईरनं झाडू भिंतीला टेकवला.
माझ्या मोबाइलकडे बघत म्हणाली,
‘गोष्ट कसली गो?
यो तुमचा कँटीन हाय ना, तथं माजे बापाचा मिठागर व्हता.
सांबारान मीठ कमी परला का
मना हसाला येतं.’
मग खरंच हसली.
रेकॉर्डिंगमध्ये ते हसणं एकवीस सेकंद आहे.

नाझनीन मुकादम वेल्डिंगला.
अख्ख्या शेडमध्ये एकटी.
ती हसली नाही.
म्हणाली, ‘पहिल्या पाळीत मी पाणी पीत नाही.
बायकांचं टॉयलेट मेन गेटपाशी,
जाऊन यायला अकरा मिनिटं,
सुट्टी दहाची.
वरच्या एका मिनिटाचा हिशोब
मागच्या वर्षी मूतखड्यानं चुकता केला.
लिही.’

मी लिहिलं.
सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला.
‘छान आहे. जरा पॉझिटिव्ह कर.’

केलं.
पाणी काढलं, गेट काढलं, खडा काढला.
उरलं ते असं :
‘नाझनीन रोज नव्या जिद्दीनं पाळीवर येते.’
माझं अक्षर चांगलं आहे,
कार्डावर उठून दिसलं.

(माझी गोष्ट कुणी विचारली नाही.
मुलाखतीत ‘लग्नाचं काय?’ विचारलं, तेव्हा
मंगळसूत्र पर्समध्ये होतं, पावडरच्या डबीखाली.
अजून घणसोलीच्या स्टॉपवर उतरले
की घालते.)

आठ तारखेला कँटीनमध्ये
गुलाबी फुगे, समोसे, माइकची शिट्टी.
नाझनीन उभी राहिली. कार्ड उघडलं.
‘नाझनीन रोज नव्या...’
थांबली.
‘पाणी मिळेल?’

पाहुण्यांपुढची सीलबंद बाटली
कुणीतरी धावत आणून दिली.
ती प्यायली. सगळी.
शेवटचा थेंब उतरेपर्यंत
मान मागे टाकून,
आम्ही सगळे तिचा गळा बघत.
मग माइक चालूच ठेवून
स्टेजवरून उतरली
आणि मेन गेटकडे चालायला लागली.

कुणाला काही समजेना.
पाळीतल्या चौघींना समजलं,
त्या समोसे खायच्या थांबल्या.
देवस्थळी सरांनी घड्याळ बघितलं.
थोड्या वेळानं पुन्हा.
पाहुण्या बाईंनी हळूच विचारलं, ‘कुठे गेल्या?’
आणि उत्तर कुणाच्याच तोंडून फुटेना,
कारण उत्तर अजून
परतीच्या वाटेवर होतं, उन्हात,
सेफ्टी शूज घालून.

आली. ओले हात ओढणीला पुसले.
‘झाली माझी गोष्ट,’ म्हणाली,
आणि समोसा घ्यायला गेली.

गेटपाशी अजून तेच एक टॉयलेट आहे.
सर म्हणतात, फाइल वर गेलीय.

माझ्या मोबाइलमध्ये ती अकरा मिनिटं आहेत :
पंखा,
खुर्च्यांची कुरकुर,
एक खोकला,
सहाव्या मिनिटाला मागून यमुनाचं हसणं.
सर म्हणाले होते, प्रत्येकी तीन.
मी काहीच कापलेलं नाही.