कानातलं यंत्र

आई कानातलं यंत्र काढते,
माझ्या तळहातावर ठेवते
आणि उतरते.
हरिपूरच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या.
वारणा इथंच येऊन मिळते कृष्णेला,
थोडं अंतर दोन रंग वेगळे दिसतात,
मग दिसत नाहीत.
पलीकडच्या मळ्यात हळद शिजायला लागलीय,
धूर पाण्यावर आडवा पडलाय.

एस्तेरकाकूंनी तिच्या पांढऱ्या पातळाच्या काठात
जाळ्याची शिसं शिवलीत,
पातळ वर तरंगू नये म्हणून.
भोयाकडून आणली, म्हणाल्या, उसनी.

एकतीस वर्षं ती शेवटच्या बाकावर बसली.
प्रभुभोजनाचं ताट आलं
की शेजारणीकडे सरकवायची,
पंगतीत वाढणाऱ्या बाईसारखी,
स्वतः उपाशी, हसतमुख.
बाबांनी कधी विचारलं नाही.
मिरजेच्या मिशन दवाखान्यात ड्रेसर होते ते.
म्हणायचे, जखम आतून भरत यावी लागते,
आधीच वरून खपली धरली
की खाली पू होतो.

माझा बाप्तिस्मा मला ऐकूनच माहीत.
पितळी वाडग्यातलं तीन ओंजळी पाणी,
मी म्हणे शिंकले.
कपाळ माझं, विश्वास दुसऱ्यांचा,
आणि मला धरून उभी होती
ती, कोरडी.

मग एकोणीसचा पूर.
नदी आमच्या घरात अकरा दिवस राहिली.
बाबा आधीच गेलेले, बरं झालं.
त्यांचं बायबल भिजून फुगलं.
वाळवलं, वर पाटा ठेवला,
अजून मिटत नाही.
त्यानंतर आई नदीकडे फिरकली नाही,
आयर्विन पुलावर रिक्षा आली
की डोळे झाकून घ्यायची.

आणि नाताळ झाल्यावर एका रविवारी
पाळक लोंढ्यांना म्हणाली, मला घ्या.
ते म्हणाले, वय झालंय, गारठा आहे,
देवळातच करू, ओंजळभर पाणी पुरतं.
"पुरत असेल. मला नदीत."
ते म्हणाले, बाई, हे मरणं आहे,
त्याच्यासोबत पुरलं जाणं,
आणि उठणं.
"पुरणं बघितलंय मी. उठायचं तेवढं दाखवा."
नाव बदलायचं का?
"द्वारकाच असू दे.
त्यानं हाक मारली तर वळायला नको?"

आता कमरेइतक्या पाण्यात ती.
लोंढे मोठ्यानं म्हणतात, पित्याच्या, पुत्राच्या,
तिला ऐकू जात नाही हे त्यांना ठाऊक,
म्हणून ठरलंय,
प्रत्येक नावाला पाठीवर एक थाप.
एक.
दोन.
तिसरी पडते आणि ती आत जाते.

माझ्या मुठीत यंत्र शिट्टी वाजवायला लागतं.
आवळलं की वाजतं ते, बारीक, सतत.
पुस्तक मिटत नाही.
पाणी मिटतं.

ती वर येते तोंड उघडं टाकून,
खोकते, नाकातून पाणी,
केस कपाळाला चिकटलेले,
नुकतं जन्मलेलं
बासष्ट वर्षांचं काहीतरी.
काठावरचे चौदाजण गाऊ लागतात,
सूर लागत नाही कुणाचा.
ती फक्त बघते
सगळ्यांची तोंडं हलताना.

टॉवेल. थर्मासमधला चहा.
कान पुसून मी यंत्र बसवते.
"किती वेळ होते गं आत?"
दोन सेकंद.
"छट्," म्हणते ती,
आणि पायरीवर बसून ओल्या काठातली
शिसं उसवायला घेते.
दुपारच्या आत परत करायचीत,
त्याला जाळं टाकायचंय.