चार बोटं

रिओ मायोच्या पुढे रस्ता डांबर सोडतो,
वारा काही सोडत नाही.
इथे वाऱ्याची तक्रार कुणी करत नाही.
करायची तर कुणाकडे?
पॉप्लरसुद्धा पूर्वेला वाकूनच मोठे होतात
आणि कोंबड्या अंगण तिरक्या ओलांडतात.

मी लोकर पारखते. कातरणीच्या हंगामात
या शेडवरून त्या शेडवर,
भावाने विकलेल्या मोटरसायकलवरून.
समोर काच त्याचीच, स्क्रू त्यानेच पिळलेले.
काटा ऐंशीच्या पुढे गेला की
कुणीतरी माझं हेल्मेट दोन्ही हातांत धरायचं
आणि गदगदा हलवायचं,
आत काही उरलंय का ते बघायला.
एक ग्वानाको उभा असे, मला दोन दिसत.
संध्याकाळी टेबलापाशी बोटं बधिर:
एकोणीस मायक्रॉन की बावीस?
आणि माझं पोट त्या तीन मायक्रॉनांवर.

सेफेरिनोला फोन केला. तो कोमोदोरोला, तेलविहिरींवर.
“मला तर कधी हलली नाही,” म्हणाला,
“तुझं डोकंच हलकं, देल्फिना.”
आणि हसला. जरा जास्तच,
पैसे परत मागते की काय म्हणून.

मग उंच काच मागवली, एस्केलहून.
दाराएवढी. तिच्यामागे छाती उबदार,
गुडघे उबदार,
आणि डोक्यात ढोल.
आडवा वारा आला की गाडीचं शीड व्हायचं,
मी पलीकडच्या कुंपणाशी बोलून परत यायचे.
मग जुनीच बसवली, वरच्या काठाला
चिमट्याचा छोटा पंख लावून.
तो बरा होता. गुरुवारपर्यंत.
आता कोइरोनच्या गवतात कुठे पडलाय,
एखाद्या कोल्ह्याला विचारावं लागेल.

एलुनेद प्यू टायरांचं दुकान चालवते.
माते ओतत म्हणाली,
“काच वारा अडवत नसते गं.
कुठे फोडायचा, तेवढंच ठरवते.
धागे चिकटव.”
लोकर तर माझ्या खिशाखिशात.
काचेच्या काठावर बारा धागे,
हेल्मेटवर सहा,
आणि शेजारून तिची पिकअप,
खिडकीतून बाहेर तिची पांढरी मुंडी.
काठावरचे धागे विंचरल्यासारखे सरळ,
कपाळावरचे मात्र
वारं प्यालेल्या वासरासारखे उधळलेले.
“उभी राहा!” ती ओरडली.

पायटेकूंवर उभी राहिले.
आणि गप्प.
एकदम सगळं गप्प.

म्हणजे हा सेफेरिनोचा वारा.
इतकी वर्षं तो या उंचीवर
धुतलेल्या हवेत बसून होता.

“किती कापायची?”
“चार बोटं.”
“तुझी की माझी?”
“तुझी. डोकं तुझं आहे.”
चिकटपट्टी लावली, बारीक दातांची करवत घेतली.
एलुनेद वरून पाण्याची धार सोडत राहिली,
तापून प्लास्टिक वितळू नये म्हणून,
आणि वेल्शमध्ये काहीतरी पुटपुटत होती,
बहुधा शिव्या.
काठ पॉलिश पेपरने घासला,
जिभेने तपासावा इतका गोल.

वारा कमी झाला नाही.
आता छातीवर येतो, भांडतो,
पण तोंडावर भांडतो. मागून डोकं धरत नाही.
हेल्मेट जागच्या जागी.
पहिल्याच दिवशी ऐकू आलं,
साखळी कोरडी पडली होती.
कधीपासून, कोण जाणे.

कापलेली पट्टी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून
कोमोदोरोच्या बसवर टाकली.
चौथ्या दिवशी त्याचा फोन:
“हे काय पाठवलंयस?”
“तुझी उंची.”
तिकडे थोडा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, “वारा कसा आहे?”
“आहे,” म्हटलं.